माल देशी कधी ठरतो

सरकारी कार्यालयाला पंप, संगणक, रुग्णालयातील खाट किंवा मेट्रोचा डबा विकायचा असेल, तर पुरवठादाराला आज निविदेत दोन आकडे भरावे लागतात. एक किमतीचा. दुसरा, त्या किमतीतला किती टक्के भाग भारतात निर्माण झाला याचा. सरकारी कागदांत या दुसऱ्या आकड्याला ‘लोकल कंटेंट’ म्हणतात. या लेखात त्याला देशी वाटा म्हटले आहे. हा वाटा ५० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर पुरवठादार ‘क्लास-वन’, २० ते ५० टक्क्यांमध्ये असेल तर ‘क्लास-टू’ आणि २० टक्क्यांच्या खाली गेला तर ‘नॉन-लोकल’. कारखान्याची मालकी कोणाची, कंपनीचे नाव मराठी आहे की जर्मन, याला या वर्गवारीत स्थान नाही. परदेशी कंपनीने चाकणला बनवलेले यंत्र क्लास-वन ठरू शकते आणि पूर्णपणे भारतीय मालकीच्या कंपनीने बाहेरून आणून स्वतःचे लेबल लावलेले यंत्र नॉन-लोकल ठरते.

ही वर्गवारी ज्यातून आली तो ‘सार्वजनिक खरेदी (मेक इन इंडियाला प्राधान्य) आदेश, २०१७’. केंद्राच्या औद्योगिक धोरण व प्रोत्साहन विभागाने तो १५ जून २०१७ रोजी काढला. हाच विभाग २०१९ पासून उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभाग या नावाने ओळखला जातो. हा संसदेने केलेला कायदा नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १५३ सरकारला काही वस्तू राखून ठेवण्याची आणि काही पुरवठादारांना झुकते माप देण्याची मुभा देतो. त्या नियमाच्या तिसऱ्या पोटकलमावर आदेशाची इमारत उभी आहे. त्यामुळे तो बदलायला विधेयक लागत नाही, आणि तो २०१८, २०१९, २०२० मध्ये दोनदा आणि १९ जुलै २०२४ रोजी पुन्हा असा बदलत आला आहे. यांतला सर्वांत मोठा बदल टाळेबंदीच्या दिवसांतला. १५ मे २०२० रोजी २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढणे जवळपास बंद झाले. अपवादासाठी थेट मंत्रिमंडळ सचिवालयाची परवानगी लागू लागली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ जूनला, क्लास-वन आणि क्लास-टू ही विभागणी आली.

लंडनहून येणारे रूळ

सरकारने कोणाचा माल घ्यावा हा प्रश्न भारतात रेल्वेइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात रूळ, इंजिने, पुलांचे लोखंड, तारयंत्रे, कागद असा सरकारी कामाला लागणारा बराचसा माल लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा भांडार विभाग विकत घेई आणि बोटीने मुंबई-कोलकात्याला धाडी. मागणी हिंदुस्थानातली, पैसा हिंदुस्थानच्या करदात्याचा, पण निविदा लंडनला निघे आणि पैसे पौंडात चुकते होत. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातून दरसाल इंग्लंडला जाणाऱ्या ज्या ‘होम चार्जेस’चा हिशेब आयुष्यभर मांडला त्यात या भांडार खरेदीचीही रक्कम होती. पुण्यात न्यायमूर्ती रानडे याच काळात औद्योगिक परिषदा भरवत होते आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर बोलताना राज्यसंस्थेने उद्योगांना हात द्यावा असे सांगत होते. जो सरकारला विकू शकत नाही, त्याला देशातला सर्वांत मोठा ग्राहक कायमचा परका राहतो. त्या पिढीला हे नेमके दिसले होते.

सरकारी मागणीची हमी मिळाली तर काय होते याचे एक ठोस उदाहरण त्या काळातच घडले. जमशेटजी टाटांच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये उभ्या राहिलेल्या टाटा पोलाद कंपनीला सरकारने दहा वर्षे दरसाल २०,००० टन रूळ घेण्याची हमी दिली होती. अट अशी की रूळ ठरलेल्या दर्जाचे असावेत आणि किंमत आयात रुळांपेक्षा जास्त नसावी. म्हणजे सरकारने जादा दाम मोजले नाहीत. मागणीची खात्री दिली. भांडवल उभारताना आणि भट्ट्यांचे आकारमान ठरवताना नव्या कारखान्याला या खात्रीचा उपयोग कोणत्याही अनुदानापेक्षा अधिक होतो. शंभर वर्षांनी निघालेल्या आदेशाचा गाभाही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, हाच आहे.

१९१६ मध्ये थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या औद्योगिक आयोगात दोराबजी टाटा आणि पंडित मदनमोहन मालवीय सदस्य होते. १९१८ च्या अहवालाने सरकारी खरेदी हिंदुस्थानातूनच व्हावी यासाठी स्वतंत्र यंत्रणा सुचवली आणि १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर त्याचा वारसा पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे आला. या महासंचालनालयाचे ‘रेट कॉन्ट्रॅक्ट’ (ठरलेल्या दराने पुरवठ्याचा करार) म्हणजे काय, हे चार दशके सरकारी कपाटे, टाइपरायटर आणि पंखे विकणाऱ्या प्रत्येकाला पाठ होते. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाने छोट्या कारखान्यांसाठी नोंदणीची वेगळी वाट काढली. त्या काळात आयात परवान्यांची भिंतच इतकी उंच होती की देशी वाट्याची वेगळी अट घालण्याचे फारसे कारण नव्हते. १९९१ नंतर भिंत उतरत गेली आणि विशेषतः इलेक्ट्रॉनिक्स, वैद्यकीय उपकरणे, दूरसंचार या क्षेत्रांत सरकारी पैसा थेट आयातीकडे वाहू लागला. महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाले. त्याची जागा ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेल्या गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे ‘जेम’ पोर्टलने घेतली. २०२३-२४ या एका वर्षात जेमवरचे व्यवहार ४ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. जून २०२० पासून तिथे प्रत्येक वस्तूसमोर तिचा मूळ देश लिहिणे बंधनकारक आहे.

टक्क्यांचा हिशेब

आदेशाची खरी ताकद आणि त्याच्या बहुतेक अडचणी एका वजाबाकीत आहेत. मालाच्या एकूण किमतीतून जीएसटीसारखे देशांतर्गत कर वगळायचे. उरलेल्या रकमेतून त्या मालातल्या आयात भागांची किंमत, सीमाशुल्कासह, वजा करायची. जे राहील त्याचे एकूण किमतीशी प्रमाण म्हणजे देशी वाटा.

समजा, एका पंपाची करापूर्वीची किंमत ४०,००० रुपये आहे. त्यातला कंट्रोलर आणि काही सील बाहेरून येतात आणि सीमाशुल्कासह १४,००० रुपयांना पडतात. देशी वाटा २६,००० रुपये, म्हणजे ६५ टक्के. पुरवठादार क्लास-वन. या २६,००० रुपयांत कोल्हापूरच्या फाउंड्रीतले ओतकाम आहे, तांब्याची तार आहे, जोडणी करणाऱ्या कामगाराची मजुरी आहे, विजेचे बिल आहे आणि मालकाचा नफाही आहे. शेवटची गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सूत्र किमतीतून आयात वजा करते, खर्चातून नव्हे. म्हणून नफा जितका अधिक, तितका कागदावरचा देशी वाटा अधिक. ज्या कारखान्याला स्पर्धेमुळे नफा कमी ठेवावा लागतो त्याचा वाटा, तोच माल बनवूनही, कमी भरतो. अमेरिकेतल्या नियमात सुट्या भागांच्या खर्चाचे प्रमाण पाहतात. तिथे नफ्याचा हा गोंधळ होत नाही. भारतीय सूत्राची ही उणीव आहे, आणि ती दुरुस्त होण्याजोगी आहे.

दुसरी अडचण रुपयाची. त्याच ४०,००० रुपयांच्या पंपात आयात भाग १९,४०० रुपयांचे असतील तर देशी वाटा ५१.५ टक्के होतो. डॉलर पाच टक्क्यांनी महागला तर तेच भाग २०,३७० रुपयांना पडतात आणि वाटा ४९ टक्क्यांवर येतो. कारखान्यात एक खिळाही बदलला नाही, पण पुरवठादार क्लास-वनमधून क्लास-टूमध्ये घसरला. म्हणून काठावरचे कारखाने शहाणपणाने ५० टक्क्यांच्या बरेच वर राहण्याची तजवीज करतात, किंवा महागडा आयात भाग देशात कोण करून देईल याचा शोध घेतात. हा शोध हेच आदेशाचे उद्दिष्ट आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि ती व्यापाऱ्याच्या दुकानातून येते. कारखानदाराने परदेशातून थेट मागवलेली बेअरिंग आयात म्हणून मोजली जाते. तीच बेअरिंग पुण्याच्या बाजारातल्या वितरकाकडून, रुपयांत, जीएसटीच्या पावतीवर घेतली तर? कितीतरी काळ अशी खरेदी ‘देशी’ म्हणून दाखवली जाई. २०२४ च्या सुधारणेने हे दार लावले: आयात माल देशातल्या विक्रेत्याकडून घेतला तरी तो आयातच. परदेशी कंपनीला दिलेले स्वामित्वशुल्क आणि तंत्रज्ञानाची फी देशी वाट्यात धरता येत नाही. बाहेरून आणलेला माल नव्या खोक्यात भरणे किंवा त्यावर नवे नाव छापणे म्हणजे उत्पादन नव्हे. त्याआधी २०२१ मध्येच स्पष्ट झाले होते की वाहतूक, विमा, जागेवर बसवणी, प्रशिक्षण आणि विक्रीनंतरची देखभाल या सेवांचे पैसे मालाच्या देशी वाट्यात मिसळता येणार नाहीत. तोपर्यंत एक्स-रे यंत्र पूर्ण बाहेरून यायचे आणि पाच वर्षांच्या देखभालीच्या करारावर वाटा वीस टक्क्यांपर्यंत पोचायचा, अशी वाट मोकळी होती.

हिशेब पुरवठादारानेच द्यायचा आहे. निविदेबरोबर तो स्वयंघोषणा करतो आणि मूल्यवर्धन कोणत्या ठिकाणी होते तो पत्ता देतो. खरेदी १० कोटी रुपयांहून मोठी असेल तर कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षकाचे किंवा परिव्यय लेखापरीक्षकाचे, आणि पुरवठादार कंपनी नसेल तर व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाचे किंवा परिव्यय लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. खोटी घोषणा म्हणजे सचोटीच्या संहितेचा भंग. त्याबद्दल दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येते. पाच लाख रुपयांच्या आतली खरेदी मात्र आदेशाच्या बाहेर आहे. तालुक्याच्या टपाल कार्यालयाने चार खुर्च्या घेताना कोणाला टक्के काढत बसावे लागू नये, हे योग्यच.

सर्वांत कमी दर कोणाचा आणि माल कोणाचा

प्राधान्य म्हणजे सरकार देशी मालाला जास्त पैसे देते, अशी समजूत सर्वत्र आहे. भारतात ती चुकीची आहे.

प्रथम पात्रतेची चाळणी लागते. एखाद्या वस्तूत देशात पुरेशी उत्पादनक्षमता आणि स्पर्धा आहे असे संबंधित मंत्रालयाने जाहीर केले असेल, तर रक्कम कितीही असो, फक्त क्लास-वन पुरवठादारच निविदा भरू शकतो. बाकीच्या वस्तूंत, जागतिक निविदा नसेल तेव्हा, क्लास-वन आणि क्लास-टू दोघेही येतात. नॉन-लोकल पुरवठादाराला फक्त जागतिक निविदेत जागा आहे. ही चाळणी झाल्यावर दर उघडतात आणि सर्वांत कमी दराचा पुरवठादार, बोलीभाषेतला ‘एल-वन’, ठरतो.

एल-वन क्लास-वन असेल तर प्रश्न मिटला. तो क्लास-टू असेल तेव्हा खरी तरतूद कामाला येते. समजा, १,००० पंपांची निविदा आहे, क्लास-टू पुरवठादाराचा दर ४०,००० आणि सर्वांत स्वस्त क्लास-वनचा ४६,००० रुपये. प्राधान्याची मर्यादा २० टक्के, म्हणजे ४८,००० रुपये. ४६,००० त्यात बसतात. तेव्हा ५०० पंप क्लास-टूला जातात आणि उरलेले ५०० क्लास-वनला देऊ केले जातात, पण ४०,००० रुपयांनाच. तो नाही म्हणाला तर मर्यादेतल्या पुढच्या क्लास-वनला विचारतात; कोणीच तयार झाले नाही तर सगळे १,००० पहिल्याकडेच. मेट्रोच्या नियंत्रण यंत्रणेसारखी न तुटणारी खरेदी असेल तर एल-वनचा दर मान्य करणाऱ्या क्लास-वनला पूर्ण काम मिळते.

म्हणजे सरकारी तिजोरीतून एक रुपयाही जास्त जात नाही. दरातला सहा हजारांचा फरक देशी कारखानदार आपल्या नफ्यातून भरून काढतो किंवा आपला खर्च कमी करून. अमेरिकेची पद्धत याच्या उलट आहे. तिथला ‘बाय अमेरिकन’ कायदा ३ मार्च १९३३ रोजी, महामंदीच्या तळाशी, राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी कारकिर्दीच्या अखेरच्या पूर्ण दिवशी सही केलेला. त्यात तुलना करताना परदेशी मालाच्या दरावर ठरावीक टक्के चढवतात. स्पर्धक अमेरिकी कंपनी मोठी असेल तर २०, लहान असेल तर ३०, संरक्षण खात्याच्या खरेदीत ५०. त्यानंतरही अमेरिकी माल स्वस्त ठरला तर तो त्याच्या मूळ, जास्त दराने घेतला जातो. अमेरिका देशी उद्योगासाठी करदात्याला जादा पैसे भरायला लावते. भारत देशी उद्योगाला संधी देतो आणि किंमत त्याच्यावरच सोडतो. अमेरिकी सुट्या भागांच्या खर्चाचा किमान वाटा दीर्घकाळ ५० टक्क्यांहून थोडा वर होता. २०२२ मध्ये तो ६०, २०२४ पासून ६५ झाला आणि २०२९ पासून ७५ होणार आहे. भारतातली ५० टक्क्यांची रेषा २०१७ पासून तिथेच आहे.

लहान कारखान्यांसाठी दुसरा, स्वतंत्र पदर आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ च्या कलम ११ खाली २०१२ मध्ये निघालेल्या धोरणानुसार केंद्राची खाती आणि कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. तो आधी २० टक्के होता, २०१९ पासून २५. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिलांसाठी ३ टक्के. ३५८ वस्तू पूर्णपणे राखीव आहेत. बयाणा रक्कम माफ. इथेही दराचा नियम तसाच: एल-वनच्या १५ टक्के वरपर्यंत दर असेल तर एल-वनच्या दराने पुरवठा करायची संधी मिळते.

किंमत एल-वनची घ्यायची, नफा पातळ करायचा, आणि मग बिलासाठी महिनोन्‌महिने थांबायचे, हे लहान कारखान्याला परवडत नाही. इचलकरंजी असो वा सातपूर, सरकारी ऑर्डर नको म्हणणाऱ्या उद्योजकाचे कारण बहुधा दर नसतो, वसुली असते. कायदा इथे स्पष्ट आहे: पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज. पण व्याज मागण्यासाठी पुढच्या वर्षी ज्याच्याकडे निविदा भरायची त्याच अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करावी लागते. देशी वाट्याच्या धोरणाचा हा सर्वांत कच्चा दुवा आहे. देशी कारखाना निविदेत जिंकतो आणि भांडवल अडकून पडल्याने मोडतो, तर टक्केवारीच्या साऱ्या तरतुदींनी साधले काय?

निविदेच्या अटींतही एक छुपी चाळणी असते. गेल्या पाच वर्षांत परदेशात पुरवठा केल्याचा दाखला, अवाढव्य उलाढाल, परदेशी संस्थेचे प्रमाणपत्र अशा अटी घातल्या की देशी उत्पादक दर भरण्याआधीच बाहेर पडतो. आदेश अशा अटींना मनाई करतो. नवउद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी, दर्जा राखून, शिथिल करता येतात.

राज्य, मेट्रो, तोफा

केंद्राचा आदेश राज्यांच्या स्वतःच्या पैशाला लागू नाही. महाराष्ट्रातली खाती १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेल्या खरेदीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे चालतात. पण ज्या योजनेत केंद्राचा काही हिस्सा आहे, तिच्यातली जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची खरेदीही केंद्राच्या आदेशाखाली येते. त्यामुळे नळपाणी योजनेचे पाइप आणि जिल्हा रुग्णालयाचे उपकरण यांच्या निविदांत गावपातळीवरही हे टक्के दिसू लागले. जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या कर्जावरील कामांत मात्र कर्ज कराराचे खरेदी नियम वरचढ राहतात.

धोरणाचा प्रवाह डोळ्यांनी पाहायचा असेल तर महाराष्ट्रातल्या मेट्रो गाड्या पुरेशा आहेत. मुंबईची पहिली वर्सोवा–घाटकोपर मार्गिका ८ जून २०१४ ला सुरू झाली. तिचे डबे चीनमधल्या नानजिंगचे. २०१९ मध्ये धावू लागलेल्या नागपूर मेट्रोचे डबेही चीनचेच, दालियानचे. पुढे चित्र पालटले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या २अ आणि ७ या मुंबईच्या मार्गिकांचे डबे बेंगळुरूच्या सरकारी बीईएमएलने बनवले. कुलाबा–आरे या भुयारी मार्गिकेच्या गाड्या आंध्रातल्या श्रीसिटीत आल्स्तोमच्या कारखान्यात तयार झाल्या. पुण्याच्या अॅल्युमिनियमच्या गाड्या टिटागढ कंपनीच्या. सुरुवातीच्या काही इटलीत, नंतरच्या पश्चिम बंगालमधल्या उत्तरपारा येथे. डब्याचे कवच भारतात आले हे पहिले पाऊल. गाडीला पळवणारी विद्युत यंत्रणा, ब्रेक आणि सिग्नल हे पुढचे आणि अवघड पाऊल. तिथे बहुराष्ट्रीय कंपन्याच आहेत, जरी त्यांतल्या काहींनी, उदाहरणार्थ ब्रेक बनवणाऱ्या क्नोर-ब्रेम्झेने हरियाणातल्या पलवलला, कारखाने उघडले. मोठी, सलग मागणी दिसली की परदेशी कंपनीही इथे गुंतवणूक करते. तुरळक मागणीत ती करत नाही. टाटांच्या रुळांचा धडा इथे पुन्हा दिसतो.

संरक्षण खात्याचे नियम वेगळे आहेत. तिथली २०२० ची कार्यपद्धती देशात आरेखित आणि विकसित झालेल्या मालाला, किमान ५० टक्के देशी वाट्यासह, सर्वांत वरचे स्थान देते. फक्त जोडणी नव्हे, आराखडाही देशी हवा, हा तिथला अधिकचा आग्रह. ऑगस्ट २०२० पासून आयात न करायच्या वस्तूंच्या याद्या निघू लागल्या. पहिलीत १०१ वस्तू होत्या. मार्च २०२५ मध्ये डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ३०७ ओढतोफांचा करार झाला. त्यातला ६० टक्के हिस्सा पुण्याच्या भारत फोर्जकडे आणि ४० टक्के टाटा समूहातल्या कंपनीकडे गेला. मोटारींचे क्रँकशाफ्ट घडवणाऱ्या मुंढव्याच्या भारत फोर्जला तोफेपर्यंत यायला अनेक वर्षांची स्वतःची गुंतवणूक आणि एक खात्रीचा ग्राहक, दोन्ही लागले.

वाट पाहण्याची किंमत

देशी वाट्याची अट कोणत्याही एका खरेदीत सर्वांत जास्त ताणली गेली असेल तर ती भारत संचार निगमच्या फोर-जीमध्ये. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने निगमच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला आणि त्यात फोर-जी लहरी दिल्या. मार्च २०२० मध्ये निगमने निविदा काढली. तिच्या अटी देशी उत्पादकांना बाहेर ठेवतात अशी तक्रार त्यांच्या संघटनेने केली. जूनमध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक झाली आणि जुलैत निविदा रद्द झाली. त्याच महिन्यात, २३ जुलैला, भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतल्या निविदाकारांना नोंदणी आणि सुरक्षा मंजुरी बंधनकारक झाली.

त्यानंतरची वाट बाजारातून उपकरणे उचलण्याची नव्हती. ती उपकरणे देशात आधी घडवायची होती. नेटवर्कचा गाभा सी-डॉटने, म्हणजे १९८४ मध्ये देशी टेलिफोन एक्सचेंज विकसित करण्यासाठी स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने, विकसित केला. रेडिओ उपकरणे तेजस नेटवर्क्सची. सगळे जुळवण्याचे काम टीसीएसचे. एक लाख टॉवरांची मोठी ऑर्डर २०२३ मध्ये निघाली आणि देशभरातले औपचारिक उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा येथे झाले.

हे यश खरे आहे. दूरसंचाराचे पूर्ण जाळे स्वतः उभारणारे देश जगात मोजके आहेत आणि भारत त्यांत गेला. पण खासगी कंपन्यांचे फोर-जी २०१२ मध्ये सुरू होऊन २०१६ नंतर घरोघर पोचले होते आणि २०२२ मध्ये त्यांनी फाइव्ह-जी सुरू केले. या काळात निगमचे ग्राहक दुसरीकडे गेले. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार अशा भागांत जिथे निगमखेरीज दुसरे नेटवर्क नव्हते, तिथले लोक सर्वांत जास्त काळ थांबले. देशी क्षमता बांधायला वेळ लागतो. तो वेळ कोणाच्या आयुष्यातून जातो, हा हिशेब निविदेच्या कोणत्याही रकान्यात नसतो. दूरसंचारासारख्या क्षेत्रात ही क्षमता दहा वर्षे आधी, शांतपणे, संशोधनाला पैसा देऊन उभारायला हवी होती. खरेदीची अट ही संशोधनाची जागा घेऊ शकत नाही.

वीज घेतली की पट्ट्या

जागतिक व्यापार नियमांत देशी मालाच्या तुलनेत परदेशी मालाशी भेदभाव करता येत नाही. सरकारी खरेदी हा त्याला मोठा अपवाद आहे: गॅट कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदातले ८(अ) हे कलम सरकारने स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या मालाला मोकळीक देते. जे देश एकमेकांच्या निविदा खुल्या करतात त्यांचा वेगळा सरकारी खरेदी करार आहे. भारत त्याचा सदस्य नाही. २०१० पासून तो फक्त निरीक्षक आहे.

अपवादाची कड कुठे संपते हे भारताला सौरऊर्जेत कळले. २०१० मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशनमध्ये वीज प्रकल्पांनी स्फटिक सिलिकॉनच्या पट्ट्या, आणि पुढच्या टप्प्यात त्यांतले सेलही, देशी वापरावेत अशी अट होती. २०१३ मध्ये अमेरिकेने तक्रार केली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला. कारण साधे होते: सरकार विकत घेत होते ती वीज, आणि अट घातली होती ती पट्ट्यांवर. पट्ट्या खासगी उत्पादकाने घेतल्या होत्या. जी वस्तू सरकार विकत घेतच नाही तिच्यावर सरकारी खरेदीची सूट लागू होत नाही.

भारताने त्यानंतर अट जिथे टिकेल तिथे नेली. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या १२,००० मेगावॉटच्या योजनेत केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांनी प्रकल्प स्वतः उभारायचे आणि वीज सरकारी यंत्रणांनीच वापरायची, म्हणून देशी सेल आणि पट्ट्या बंधनकारक करता आल्या. उलट दिशेने, अमेरिकेतल्या काही राज्यांच्या अशाच योजनांविरुद्ध भारताने तक्रार केली आणि २०१९ मध्ये तीही मान्य झाली. २०२३ मध्ये दोन्ही देशांनी हे तंटे आपसात मिटवले.

आता दबाव तंट्यांतून कमी आणि करारांतून जास्त येतो. संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ मध्ये लागू झालेल्या करारात सरकारी खरेदीवर स्वतंत्र प्रकरण आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात भारत आणखी पुढे गेला. केंद्र सरकारच्या ठरावीक रकमेहून मोठ्या निविदांत ब्रिटिश पुरवठादाराला, त्याच्या मालात किमान २० टक्के वाटा ब्रिटनचा असेल तर, क्लास-टूची जागा मिळते. म्हणजे प्रवेश मिळतो, पण प्राधान्य नाही. दर जुळवून काम घेण्याचा हक्क क्लास-वनकडेच राहतो. राज्य सरकारे आणि महापालिकांची खरेदी या कराराच्या बाहेर ठेवली आहे.